मापाचा सूट: कापड, ट्रायल आणि खर्चाचा हिशेब

माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आहे. कॉलेजात असताना गाडीवरून पडलो, कॉलरबोन मोडलं. हाड जुळलं, खांदा मात्र पहिल्या जागी आला नाही. शर्टात ते कुणाच्या लक्षात येत नाही. कोट घातला की लगेच दिसतं: मानेमागे कॉलर सुटते, उजवीकडे काखेपासून तिरक्या घड्या पडतात आणि पुढची उजवी बाजू डावीपेक्षा खाली उतरते. धाकट्या बहिणीचं लग्न फेब्रुवारी २०२६ च्या अखेरीस करायचं ठरलं आणि दिवाळी संपताच मी सूटच्या मागे लागलो. पुढच्या तीन महिन्यांत काय झालं, किती पैसे कुठे गेले, हे सगळं लिहून ठेवतोय, कारण मला सुरुवातीला नेमकं हेच कुणी सांगायला नव्हतं.

आधी रेडीमेड पाहिले. १६,५०० रुपयांचा एक गडद निळा सूट खरंच आवडला. लेबलवर पॉलिएस्टर-व्हिस्कोस लिहिलेलं होतं, किमतीत जीएसटी धरलेला होता. (सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांवरच्या तयार कपड्यांना १८ टक्के लागतो, कापडाला अजून ५ टक्केच आहे. शिवून घेण्याच्या हिशेबात हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.) दुकानातल्या अल्टरेशनवाल्या काकांनी मला आरशासमोर उभं केलं, खांद्यावरून हात फिरवला आणि सरळ सांगितलं, "बाही कमी करून देतो, कंबर घेतो, पँटची उंची करतो. खांद्याला हात लावत नाही. तो उसवला की सगळा कोटच परत शिवावा लागतो." बाराशे रुपयांचं अल्टरेशनचं काम हातचं घालवून त्यांनी मला खरं ते सांगितलं, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

मग एका मोठ्या शोरूममध्ये 'मेड टू मेझर'ची चौकशी केली. तिथे एक ठरलेला साचा असतो, आपली मापं घेऊन त्यात फेरफार करतात आणि कोट कारखान्यात शिवून येतो. भाव ३८,००० पासून पुढे. मधली ट्रायल नाही, तयार कोटच घालून बघायचा. सरळ अंगाच्या माणसाला ही सोय चांगली आहे. मला कोट शिवून होण्याआधी कुणीतरी तो माझ्या अंगावर बघायला हवा होता.

८ नोव्हेंबरचा शनिवार मी फक्त पुण्यातल्या शिंप्यांकडे फिरण्यात घालवला. इथे पहिली सूचना: कापड घ्यायच्या आधी मास्टर ठरवा. किती कापड लागेल, चौकड्याचं असेल तर किती जास्त, कुठल्या जाडीचं त्यांच्या हाताला बसतं, हे तेच सांगतात. आमच्या घराजवळच्या टेलरने ६,५०० सांगितले, पंधरा दिवसांत देतो म्हणाले. ट्रायलचं विचारलं तर, "गरजच पडत नाही." डेक्कनला एका ठिकाणी पूर्ण कॅनव्हासचे, बरंचसं काम हाताने करून, २८,००० नुसती शिलाई. तिसरे मास्टर कॅम्पातले, आतेभावाने सुचवलेले. तरुणपणी त्यांनी लष्करी गणवेश शिवणाऱ्या दुकानात काम केलेलं. अर्धा कॅनव्हास, दोन ट्रायल, १५,००० शिलाई.

कॅनव्हासचा मुद्दा मला त्याच दिवशी समजला. कोटाची छाती आणि लेपल (कॉलरखालची उलटी दुमडलेली पट्टी) यांना आकार यावा म्हणून वरचं कापड आणि अस्तर यांच्यामध्ये एक थर घालतात. स्वस्त पद्धतीत तो थर गरम दाबाने चिकटवतात, त्याला फ्युजिंग म्हणतात. काम पटकन होतं, पण काही वेळा ड्रायक्लीन झाल्यावर गोंद सुटून कापडावर फुगे येतात, आणि ते पुन्हा बसत नाहीत. कॅनव्हास म्हणजे घोड्याचे केस मिसळून विणलेलं कडक कापड. ते टाक्यांनी धरलेलं असतं, म्हणून सैल राहतं आणि वापरता वापरता अंगाचा आकार घेतं. अर्ध्या कॅनव्हासमध्ये छातीपर्यंत कॅनव्हास, खाली हलकं फ्युजिंग. कुठलाही तयार कोट तपासायचा असेल तर छातीपाशी वरचं कापड आणि आतलं अस्तर दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकेच वेगळं करा. मध्ये एक तिसरा सुटा थर बोटांना लागला तर कॅनव्हास आहे.

मी कॅम्पातल्या मास्टरांना हो म्हटलं. कारण कॅनव्हासपेक्षा वेगळं होतं. त्यांनी भाव सांगायच्या आधी मला दुकानात इकडून तिकडे चालायला लावलं आणि विचारलं, "उजव्या बाजूला फ्रॅक्चर झालं होतं का?"

१५ नोव्हेंबरला कापडासाठी लक्ष्मी रोड आणि मग कापडगंज. मास्टरांनी चिठ्ठी दिली होती: ५८ इंची पन्हा (कापडाची रुंदी), सूटला सव्वातीन मीटर, दुसऱ्या पँटला सव्वा मीटर, प्लेन, फार पातळ नको. दुसरी पँट हा त्यांचाच आग्रह. पँट बसून बसून मांड्यांत आणि सीटवर आधी झिजते, कोट चांगला राहतो, आणि नंतर त्याच रंगाचा ताका मिळत नाही.

दुकानदार 'सुपर १००', 'सुपर १२०', 'सुपर १५०' असे आकडे सांगत होते आणि आकडा वाढला की भाव वाढत होता. हे आकडे लोकरीच्या तंतूची बारीकी सांगतात. सुपर १०० म्हणजे तंतू जास्तीत जास्त १८.७५ मायक्रॉन, सुपर १२० म्हणजे १७.७५, सुपर १५० म्हणजे १६.२५. तंतू जितका बारीक तितकं कापड मऊ, पण तितकंच नाजूकही. घासलं की लवकर झिजतं, चुरगळलं की लवकर सावरत नाही. ज्याच्याकडे एकच सूट असणार आहे त्याला शंभर-एकशेवीसच्या वर जायची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत झालंय. जाडी वेगळी विचारावी लागते. आपल्या हवेला चौरस मीटरला अडीचशे ग्रॅमच्या आसपासचं बरं. त्याहून हलकं घेतलं तर पँटची इस्त्री दुपारपर्यंत टिकत नाही.

ही बारीक लोकर मेरिनो मेंढीची, बहुतेक ऑस्ट्रेलियातून येणारी. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि खरखरीत, तिची घोंगडी होते, सूट होत नाही. कापड विणणाऱ्या गिरण्या मात्र इथल्याच. ठाण्याची रेमंडची गिरणी १९२५ सालची. तिथलं उत्पादन आता बंद झालंय, पण कापडगंजातले जुने दुकानदार अजून 'ठाण्याचा माल' असा शब्द वापरतात.

शुद्ध लोकर आहे का, हे बघायला दुकानदाराकडे काठाचे दोन धागे मागितले आणि बाहेर येऊन काडी लावली. लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि राख बोटांत चुरा होते. पॉलिएस्टर वितळतं आणि त्याची कडक गाठ बनते. एका दुकानातल्या 'ऑल वूल'ची चक्क गाठ झाली. दुसऱ्या ठिकाणचं जळून भुरभुरलं, ते घेतलं. कोळशासारखा करडा रंग, सुपर १००, मीटरला ३,२००. साडेचार मीटरचे १४,४००, वर ५ टक्के जीएसटीचे ७२०. एकूण १५,१२०. पक्कं बिल घ्या आणि त्यावर मीटर, पन्हा आणि कापडाचा प्रकार लिहून घ्या. कापायच्या आधी पूर्ण तुकडा उजेडात उघडून बघा. माझ्या तुकड्यात एका ठिकाणी धागा ओढला गेलेला दिसला, तेवढा भाग सोडून त्यांनी पुढून मोजून दिलं.

२२ नोव्हेंबरला मापं. जाताना लग्नात घालायचा शर्ट आणि बूट घेऊन गेलो, खिसे रिकामे केले. मास्टर आकडे बोलत होते आणि त्यांचा मुलगा वहीत लिहीत होता: छाती, पोट, सीट, पाठ, मुंढा (बाही जोडतात तो काखेभोवतीचा घेर), बाही डावी, बाही उजवी, खांदा डावा, खांदा उजवा. पोट आत घेऊन उभं राहू नका, असं त्यांनी दोनदा बजावलं. नंतर मागे जाऊन बराच वेळ नुसते बघत राहिले. सांगितलं की कापड साधारणपणे दुहेरी घडी घालून कापतात, म्हणजे दोन्ही बाजू एकसारख्या येतात. माझ्या कोटाच्या डाव्या-उजव्या बाजू ते वेगवेगळ्या आखून एकेरी कापणार होते, आणि उरलेला फरक उजव्या खांद्याखाली पातळ वॅडिंग (कापसासारखा भरावाचा थर) घालून भरणार होते. "सगळा फरक पॅडने भरला तर खांदा दगडासारखा दिसतो. थोडं कापडात, थोडं पॅडमध्ये."

पावतीवर काय असावं ते त्या दिवशी शिकलो. कापडाचा छोटा तुकडा पावतीला स्टेपल केलेला होता. शिलाई १५,०००, दुसरी पँट १,८००, चांगलं अस्तर आणि शिंगाची बटणं मिळून १,७००. त्यातले दहा हजार अ‍ॅडव्हान्स. ट्रायलनंतरच्या दुरुस्त्या शिलाईत धरलेल्या आहेत, हे मी आग्रहाने लिहून घेतलं. आणखी एक ओळ लिहून घेतली: पँटच्या मागच्या शिवणीत आणि कोटाच्या बाजूंना मार्जिन सोडणे. पुढे पोट सुटलं तर कोट सोडवता यावा म्हणून. मास्टर नोंदणीच्या मर्यादेखालचे, त्यामुळे शिलाईवर जीएसटी लागला नाही.

पहिल्या ट्रायलची तारीख १३ डिसेंबर लिहिली होती. १२ ला फोन केला तर कळलं की कोटाचा कारीगर गावाला गेलाय, घरात कुणीतरी आजारी आहे. मग २० ला फोन, पुन्हा "दोन दिवसांत कळवतो". हा काळ मला जड गेला. तिकडे केळवणं सुरू झाली होती, घरात रोज कुणीतरी विचारायचं, आणि पंधरा हजारांचं कापड माझ्या नजरेआड तुकडे होऊन पडलं होतं. रेडीमेडच घेऊन टाक, असं आईसुद्धा म्हणाली. मला धीर वाटला तो एवढ्याचाच की लग्नाला अजून दोन महिने होते. लग्नसराईत शिंप्याने दिलेल्या तारखेत तीन आठवडे आपले आपण मिळवावेत.

२७ डिसेंबरला कच्ची ट्रायल झाली. पांढऱ्या दोऱ्याने धावत्या टाक्यांत जोडलेला कोट, एकच बाही, खिसे नाहीत, अस्तर नाही, छातीवर कॅनव्हास उघडा दिसतोय. ज्यांनी कधी हे पाहिलेलं नाही त्यांना तो कोट बिघडलेला वाटेल. पण या अवस्थेत काहीही उसवता येतं, म्हणूनच ही ट्रायल सगळ्यात मोलाची. मास्टरांनी उजव्या खांद्याची शिवण माझ्या अंगावरच उसवली, मागचं कापड थोडं वर ओढलं, टाचण्या लावल्या, खडूने रेघ मारली, आणि काखेखालच्या त्या घड्या माझ्या डोळ्यांसमोर नाहीशा झाल्या. इतक्या वर्षांत कुठल्याही कोटात मी माझी पाठ अशी सपाट पाहिली नव्हती. मला भरून आलं, हे लिहायला हरकत नाही.

मग त्यांनी हात वर करायला सांगितला. "अक्षता टाकताना कसा करता, तसा." हात वर गेला तसा कोटही वर गेला. त्यांनी मुंढा वर घ्यायची खूण केली. हे मला उलटं वाटलं होतं, हात हलायला मुंढा मोठा हवा ना? पण मुंढा मोठा आणि खाली असला की हात उचलताना तो सगळा कोटच बरोबर ओढतो. काखेजवळ असला की बाही हलते आणि कोट जागेवर राहतो. रेडीमेडमध्ये सगळ्यांना बसावा म्हणून तो खालीच ठेवलेला असतो.

ट्रायलला काय बघायचं, हे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो. मानेमागे शर्टाची कॉलर अर्धा इंच दिसावी आणि कोटाची कॉलर मानेला चिकटून राहावी. एक बटण लावल्यावर पोटावर फुलीसारख्या सुरकुत्या पडल्या तर कोट घट्ट आहे. हात सोडून उभं राहिल्यावर बाहीवर तिरक्या सुरकुत्या आल्या तर बाही फिरवून बसवायला सांगा. नुसतं आरशात बघू नका, बरोबर आलेल्या माणसाला मागून आणि बाजूने फोटो काढायला सांगा. मी बायकोला घेऊन गेलो होतो. डावी बाही पाव इंच लांब आहे हे तिनेच पकडलं. आणि खुर्चीवर बसून बघा. पँट उभं राहून छान वाटते, बसल्यावर आसनात ओढते.

दुसरी ट्रायल १७ जानेवारीला. आता अस्तर लागलं होतं, खिसे होते, दोन्ही बाह्या होत्या. खांदा बरोबर. पण पाठीच्या वरच्या भागात, कॉलरच्या खाली, एक आडवी वळी आली होती. मी बोलू की नको या विचारात होतो. इतक्या कामानंतर आणखी काय काढायचं, असं वाटत होतं. शेवटी बोललो. मास्टर रागावले नाहीत, उलट मुलाला हाक मारून ती वळी दाखवली आणि कॉलर काढून परत खाली बसवावी लागेल असं सांगितलं. त्यातच दोन आठवडे गेले. बाहीच्या बटणांची काजं त्यांनी मुद्दाम शेवटासाठी ठेवली होती. काजं झाली की मग बाहीची लांबी बदलता येत नाही.

३१ जानेवारीला पुन्हा घालून पाहिला, वळी गेली होती. पँटची उंची लग्नाचे बूट घालून ठरवली. ७ फेब्रुवारीला सूट ताब्यात आला, उरलेले साडेआठ हजार दिले. बरोबर उरलेल्या कापडाचे तुकडे आणि दोन जादा बटणं मागून घेतली. हे तुकडे जपून ठेवा. पुढे कुठे भोक पडलं तर रफूवाल्याला त्याच कापडाचा धागा लागतो.

आता हिशेब. कापड १५,१२०, शिलाई, दुसरी पँट, अस्तर, बटणं मिळून १८,५००. एकूण ३३,६२०. अल्टरेशनसकट रेडीमेड १७,७०० ला पडला असता. पण ही तुलना मला पटत नाही, कारण कापडच वेगळं आहे. हेच कापड घराजवळच्या टेलरकडे टाकलं असतं तर दोन पँटसह शिलाई ७,४०० झाली असती. म्हणजे दोन ट्रायल, वेगवेगळ्या कापलेल्या दोन बाजू, कॅनव्हास आणि काढून परत बसवलेली कॉलर यांची किंमत ११,१००. माझ्यासारख्या अंगाला हे पैसे वसूल आहेत. आणि कुणाला खर्च कमी करायचा असेल तर तो कापडात करावा. मीटरला चौदाशेचं चांगलं टेरीवूल (लोकर-पॉलिएस्टर मिश्र कापड) घेतलं असतं तर कापडाचे ६,६१५ झाले असते आणि अख्खा सूट पंचवीस हजारांच्या आसपास बसला असता. भारी कापड घेऊन शिलाईत काटकसर करण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं. न बसणारा कोट सुपर १५० चा असला तरी न बसणाराच राहतो.

अंग सरळ आहे, सूट एकाच संध्याकाळी लागणार आहे, अशांनी भाड्याने घ्यावा किंवा रेडीमेड घेऊन बाही-कंबर करून घ्यावी. त्यात कमीपणा काही नाही.

लग्नात मी तो सकाळपासून रात्रीपर्यंत घातला. अक्षता टाकल्या, नवरदेवाचा कान पिळला, स्टेजवर शंभर लोकांच्या पाया पडलो, भाच्याला कडेवर घेऊन फिरलो. कोट एकदाही खांद्यावरून ओढून नीट करावा लागला नाही. त्यानंतर ऑफिसच्या दोन कार्यक्रमांना वापरला. ड्रायक्लीन लगेच केलं नाही. घातल्यावर रात्रभर रुंद खांद्याच्या हँगरवर पंख्याखाली लटकवायचा आणि मऊ ब्रशने झाडायचा, एवढं पुरतं. वारंवार ड्रायक्लीनने लोकर रुक्ष होते. पावसाळ्यात मात्र काळजी. लोकरीला कसर लागते आणि बुरशीही. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, सुती कव्हर घाला, डांबराच्या गोळ्या कपाटात ठेवा पण कापडाला लागू देऊ नका, आणि ऊन पडलं की सावलीत वारा द्या.

वेळेबद्दल मास्टरांनी जाता जाता सांगितलेलं तुम्हालाही उपयोगी पडेल. तुळशीचं लग्न झालं की त्यांच्याकडे श्वास घ्यायला वेळ नसतो, कारीगर रात्री जागतात आणि ट्रायल लांबतात. आषाढी एकादशीनंतर चातुर्मासात लग्नं नसतात, तेव्हा हेच कारीगर रिकामे असतात, कापडाच्या दुकानांत सेल लागतो आणि मास्टर एका माणसाला तासभर देऊ शकतात. हिवाळ्यातल्या लग्नासाठी सूट शिवायचा असेल तर श्रावणात जा.